वर्ग मुलांच्या हाती द्यायचा, पण कसा? सूचौहून कळव्याला आणलेली एक वही

मी कळव्यात सातवीची वर्गशिक्षिका. पटावर 54 मुलं, बाक 27, पंखे 4, त्यातला एक कुरकुरतो. खोली सकाळी आमची आणि दुपारी प्राथमिकची, त्यामुळे शेवटची घंटा झाली की पाच मिनिटांत आवरून बाहेर पडावं लागतं. वर्गातली बहुतेक कामं मुलंच बघतात. ही पद्धत मूळ माझी नाही, चीनमधून उचललेली आहे. स्टाफरूममध्ये हे सांगितलं की दोनच प्रकारची उत्तरं येतात. "तिकडे काय, सगळं लष्करी!" नाहीतर, "तसंच हवं हो बाई, आपल्याकडे धाकच उरला नाही."

दोन्ही बोलणाऱ्यांनी चिनी वर्ग पाहिलेला नसतो. मी पाहिला, तोही आई म्हणून. यजमानांच्या नोकरीपायी 2013 ते 2016 आम्ही चीनमधल्या सूचौ शहरात होतो. आंतरराष्ट्रीय शाळेची फी ऐकूनच घाम फुटला, म्हणून मुलाला तिथल्या साध्या सरकारी शाळेत पहिलीत घातलं. त्याला चिनीत 'पाणी' आणि 'शू' एवढंच म्हणता येत होतं. पहिल्या आठवड्यात तो घरी आला आणि दप्तर टाकून म्हणाला, "आई, मी दिव्यांचा साहेब आहे."

झालं होतं असं. वर्गाच्या मागच्या भिंतीवर एक मोठा कागद होता, त्यावर 43 नावं आणि नावापुढे 43 कामं. कुणी खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं, कुणी फळ्याखालची पट्टी पुसायची, कुणी गणिताच्या वह्या गोळा करून बाईंच्या टेबलावर ठेवायच्या. आमच्या मुलाला बोलता येत नव्हतं, तर बाईंनी त्याला न बोलता करायचं काम दिलं: सगळे कवायतीला मैदानावर निघाले की चार बटणं बंद करायची, दार ओढायचं आणि पळत रांग गाठायची. महिनाभर त्याची वर्गातली ओळख तेवढीच होती, आणि ती पुरली.

याच बाईंनी पहिल्या पालकसभेत गणिताचे गुण नावानिशी वाचून दाखवले. आमचा शेवटून पाचवा. मी त्या खोलीतली एकटी साडीवाली, सगळ्यांच्या माना वळल्या. तेव्हा तिकडून काय आणायचं आणि काय तिथेच सोडायचं, हे दोन्ही सांगते.

आधी एक गैरसमज

चिनी मुलं जन्मतःच आज्ञाधारक असतात, कन्फ्यूशियसपासून तिथे गुरूचा शब्द कुणी मोडलेला नाही, असं आपल्याकडे सर्रास समजतात. इतिहास शिकवते म्हणून इथे जरा थांबते. ऑगस्ट 1966 मध्ये, माओने पेटवलेल्या सांस्कृतिक क्रांतीच्या सुरुवातीलाच, बीजिंगच्या एका नामांकित मुलींच्या शाळेत विद्यार्थिनींनी उपमुख्याध्यापिका प्यान चोंगयुन यांना मारहाण करून ठार केलं. डिसेंबर 1973 मध्ये ह्वांग श्वाय नावाच्या पाचवीतल्या मुलीचं शिक्षकाविरुद्धचं पत्र आणि डायरीतले उतारे बीजिंगच्या दैनिकात छापून आले. राजकारण्यांनी ते देशभर गाजवलं. 'गुरूची प्रतिष्ठा' ही टीका करायची गोष्ट झाली आणि शिक्षक वर्गात तोंड उघडायला बिचकू लागले.

ते सावरायला वर्षं गेली. 1985 पासून 10 सप्टेंबर हा तिथला शिक्षकदिन. 2009 मध्ये तर शिक्षण मंत्रालयाने नियमात चक्क लिहिलं की वर्गशिक्षकाला विद्यार्थ्याला योग्य रीतीने रागावण्याचा अधिकार आहे. लोक हसले, हेही आता लिहून द्यायचं का म्हणून! थोडक्यात, तिथला बाईंचा मान वाडवडिलांकडून आयता आलेला नाही. एकदा पार मोडून पडलेला आहे आणि नंतर नियम लिहून, कागद लावून, रोजच्या सवयी बसवून उभा केलेला आहे. म्हणजे ते काम कळव्यातही करता येतं.

कामांची यादी

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, वह्यापुस्तकांची गडबड संपली की एका शनिवारी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसा. दिवसभरात या खोलीत काय काय होतं आणि काय व्हायला हवं असून होत नाही, ते लिहीत जा. माझी पहिली यादी 31 वर अडली. मुलांना विचारल्यावर 54 झाली. आपल्याला दिसत नाही ते त्यांना दिसतं. डस्टर झटकायचं तर बाहेरच्या व्हरांड्यात, कारण आत झटकलं की दुसऱ्या बाकावरच्या मुलीला दम लागतो, हे मला एका मुलाने सांगितलं. ती मुलगी दोन वर्षं माझ्यासमोर खोकत होती.

काम कसं असावं? दोन-तीन मिनिटांत संपणारं, झालं की नाही ते नुसतं बघून कळणारं आणि एकाच्याच नावावर असलेलं. 'वर्ग स्वच्छ ठेवणे' हे काम नव्हे, 'खिडकीकडच्या रांगेतल्या बाकांच्या खणातले कागद काढणे' हे काम. 'शांतता राखणे' कुणालाही देऊ नका, त्याबद्दल पुढे सांगते.

माझ्याकडची काही कामं: कालचा फळा कोरडा पुसून तारीख लिहिणं. हजर-गैरहजरचा आकडा कोपऱ्यात मांडणं. खिचडीच्या आधी हात धुवायच्या रांगेत शेवटी उभं राहणं. पावसाळ्यात ओल्या छत्र्या दाराबाहेर उघड्या न ठेवता बादलीत उभ्या करणं. सुविचार लिहिणं, जे मला खरं तर बंद करायचंय, कारण हल्लीचा सुविचारवाला कुणाच्या तरी स्टेटसवरून काहीही उचलतो. सगळ्यात उपयोगी पडलेलं काम विटाव्याच्या एका मुलीचं. जोरात पाऊस लागला की रेल्वेपुलाखाली पाणी तुंबतं आणि तिकडच्या नऊ मुलांचा रस्ता बंद होतो. ती सकाळी साडेसहाला आईच्या फोनवरून मला 'पाणी आहे' किंवा 'पाणी नाही' एवढंच कळवते. आता त्या दिवशी मी नवा धडा सुरू करत नाही.

'प्रत्येकाला काम आणि प्रत्येक कामाला माणूस' ही गोष्ट चीनमध्ये वेई शूशंग या शिक्षकाच्या नावाने ओळखली जाते. ल्याओनिंग प्रांतातल्या पानचिनमध्ये त्यांनी 1978 पासून शिकवलं. पुढे व्याख्यानांसाठी ते बरेच दिवस बाहेर असायचे आणि त्यांचा वर्ग त्यांच्यावाचून चालायचा. मला चार दिवस जमले, आणि ते कसे गेले ते शेवटी.

झाडू

इथे सगळ्यात जास्त सांभाळायचं आहे. चिनी शाळेत वर्ग मुलंच झाडतात, पुसतात. त्यात कुणाला काही वाटत नाही. सूचौला माझा मुलगा स्वतःच्या उंचीएवढा झाडू घेऊन फिरायचा आणि मला फार कौतुक वाटायचं. तेच कौतुक मी तसंच्या तसं कळव्यात आणलं आणि तोंडावर पडले.

पहिल्या वर्षी मी विचारलं, "झाडायला कोण तयार?" पाच हात वर आले. चार मुलींचे. पाचवा हात ज्या मुलाचा होता, त्याचे वडील सफाई कामगार, आणि त्याचा हात वर गेल्यावर मागून कुणीतरी खुदकन हसलं. मी ते ऐकलं आणि तरी यादी तशीच लावली. आठ दिवसांनी त्याची आई आली. भांडली नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाली, "बाई, घरात एकाने झाडू धरलाय तेवढा पुरे. याला वहीतलं काम द्या." त्याच आठवड्यात दुसरे एक पालक आले, त्यांचं म्हणणं वेगळं होतं: "आमच्याकडे मुलगे झाडू मारत नाहीत." दोघांच्या तक्रारी कागदावर सारख्या दिसतात. त्या सारख्या नाहीत, आणि दोघांना एकच उत्तर दिलं असतं तर ते पहिलीवर अन्याय करणारं झालं असतं.

तेव्हापासून झाडू कामांच्या यादीतच नाही. तो वेगळ्या पाळीत आहे. हजेरीपटाच्या क्रमाने रोज चार जण, मुलगा-मुलगी असा भेद नाही, अदलाबदल नाही, 'मी करतो त्याच्याऐवजी' नाही. पहिल्या सोमवारी झाडू मी मारते, पदर खोचून, मुलांसमोर. दर फेरीला माझीही पाळी येते, कारण पटाच्या शेवटी 55 वा क्रमांक माझा लिहिलेला आहे. शौचालयाचं काम मुलांकडे अजिबात नाही. ज्या आईने वहीतलं काम मागितलं, तिच्या मुलाला मी वर्गाच्या रोजच्या नोंदवहीचा लेखनिक केलं. झाडूच्या पाळीत तोही येतो, पण आता सगळ्यांसारखा, पटावर त्याचा क्रमांक येईल तेव्हा.

दुसऱ्या पालकांना काय सांगितलं? पट दाखवला आणि 55 व्या ओळीवर बोट ठेवलं. ते परत आले नाहीत.

मॉनिटरला काय द्यायचं नाही

आपला मॉनिटर काय करतो? बाई बाहेर गेल्या की फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहितो. चीनमध्येही हेच चालतं. तिथे मॉनिटरला बानचांग म्हणतात, त्याच्या हाताखाली अभ्यासाचे, खेळाचे, स्वच्छतेचे प्रमुख असतात. 'यंग पायोनियर्स' या तिथल्या शाळकरी मुलांच्या संघटनेतल्या पदाधिकारी मुलांच्या बाहीवर लाल पट्ट्या असतात, एक, दोन किंवा तीन, पदाप्रमाणे. माझ्या मुलाला त्या पट्ट्यांचा भारी हेवा वाटायचा.

2015 मध्ये आनहुई प्रांतातल्या एका गावच्या प्राथमिक शाळेतला प्रकार उघडकीला आला. वर्ग सात मुलांचा. त्यातल्या उपमॉनिटरकडे बाईंनी गृहपाठ तपासायचं आणि पाठांतर ऐकायचं काम दिलेलं होतं. तो इतर सहा जणांकडून पैसे उकळायचा, न देणाऱ्यांचे हाल करायचा. हे वर्षानुवर्षं चाललं आणि मुलं घरातून पैसे चोरून आणत राहिली, कारण त्याने 'पाठ आहे' म्हटल्याशिवाय सुटका नव्हती. तो जेमतेम तेरा वर्षांचा होता.

त्यावरून माझा नियम असा: मुलाच्या हाती वस्तू द्यायची, वेळ द्यायची, नोंद द्यायची. दुसऱ्या मुलाची तपासणी, त्याचं नाव लिहिणं, त्याला उभं करणं यातलं काही द्यायचं नाही. मॉनिटर रोज बदलतो, हजेरीच्या क्रमाने. हे वेई शूशंग यांच्याकडूनच घेतलं. रोज बदलणाऱ्याला लाच देऊन फायदा नसतो आणि वर्षातून तीन-चार वेळा प्रत्येकाला कळतं की 53 जणांना रांगेत उभं करणं म्हणजे काय असतं. सगळ्यात उनाड मुलाचा दिवस आला की बघण्यासारखं असतं.

मॉनिटर वहीत पाच गोष्टी लिहितो: हजर किती, कोणता तास झाला नाही, काय मोडलं किंवा हरवलं, कुणी कुणाला मदत केली, उद्यासाठी निरोप. खोड्या करणाऱ्याचं नाव लिहायला रकानाच नाही. मॉनिटरने तरीही लिहिलं तर लेखनिक त्यावर रेघ मारतो.

चूक झाली तर

आपल्याकडे शिक्षणहक्क कायद्याचं 17 वं कलम आहे: मारायचं नाही आणि मानसिक छळही करायचा नाही. चीनमध्येही सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने मारायला बंदी आहे, पण मग करायचं काय, हा घोळ तिथेही होता. आम्ही परत आल्यावर, 1 मार्च 2021 पासून, तिथे शिक्षेचे नियम लागू झाले. कान उघाडणी, लेखी माफी किंवा आत्मपरीक्षण, वर्गाचं जादा काम आणि एका तासापुरतं वर्गातच उभं करणं, छोट्या चुकांसाठी अशा गोष्टींना परवानगी. मनाई कशाला, ती यादी मी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे: मारणं, अपमान करणं, तेच तेच पुन्हा पुन्हा लिहायला लावणं, एकाच्या चुकीसाठी सगळ्यांना शिक्षा, कमी गुण मिळाले म्हणून शिक्षा, आपला मूड गेला म्हणून शिक्षा, आणि एका मुलाकडून दुसऱ्याला शिक्षा करवणं. यातलं निदान चौथं आपण सगळ्यांनी केलेलं आहे. "कुणी शिट्टी मारली? सांगत नाही? सगळे उभे राहा."

मी वापरते ते वेई यांचं 'स्पष्टीकरणपत्र'. माफीनामा नव्हे. काय घडलं, त्या वेळी मनात काय चाललं होतं, एक मन काय म्हणालं, दुसरं काय म्हणालं, ते एका पानात लिहायचं. 'पुन्हा असे करणार नाही' हे वाक्य लिहायला बंदी. पत्र मी एकटी वाचते, वर्गात नाही, पालकांच्या ग्रुपवर तर नाहीच, आणि परत देऊन टाकते.

मागच्या वर्षी खारेगावच्या एका मुलाने डस्टर फेकून ट्यूब फोडली. त्याचं पत्र त्याला विचारूनच उतरवून ठेवलंय: "मी मुद्दाम फेकलं नाही. म्हणजे फेकलं मुद्दाम, पण ट्यूबला लागेल असं वाटलं नव्हतं. एक मन म्हणत होतं बाई येतील. दुसरं म्हणालं अजून बेल झाली नाही. मी दुसऱ्याचं ऐकलं. काच पडली तेव्हा पोटात कसंतरी झालं. ट्यूब किती रुपयांची असते ते मी कुणाला विचारलं नाही कारण मग घरी सांगावं लागेल."

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्याला रागावून मला हे कधी कळलं असतं? ट्यूब शाळेच्या खर्चातून आली, शिपाई मामांनी बसवली, शिडी त्याने धरली. घरी मी कळवलं नाही.

छोट्या चुकीला वेई मुलाला गाणं म्हणायला लावत. हे मी करून पाहिलं आणि सोडलं. एकाने तीन कडवी म्हटली, टाळ्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम उशिरा आला.

शुक्रवारचा तास

आठवड्यातला एक तास वर्गसभेचा. सूचौलाही होता, पण तिथे बहुतेक वेळ बाईच बोलत. इथे बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात आठवडाभर चिठ्ठ्या पडतात आणि त्या दिवशीचा मॉनिटर त्या वाचतो. पहिल्याच सभेत सांगून टाका की काय त्यांच्या हातात आहे आणि काय नाही. परीक्षा, गृहपाठाची तारीख आणि कुणाला काय शिक्षा, हे तीन विषय माझे. बाकी जागा, कामं, सजावट, डब्याची वेळ कशी वापरायची, सगळं त्यांचं. आधी मोकळं सोडून मग मधेच 'नाही, हे चालणार नाही' म्हणालात तर डब्यात पुढच्या आठवड्यापासून फक्त बिस्किटांचा चुरा राहील.

जागांवरून मी हरले आहे. मला उंचीप्रमाणे बसवायचं होतं. मुलांना दर आठवड्याला अख्खी रांग एक घर सरकवायची होती. गंमत म्हणजे ही चिनी वर्गातलीच रीत, पण मी त्यांना ती सांगितलेली नव्हती. मतदान झालं, माझ्या बाजूला सात. सगळ्यात उंच मुलगा पुढे आला की मागच्यांना दिसणार नाही, म्हणून त्यांनीच ठरवलं की त्याने कायम भिंतीकडच्या टोकाला बसायचं. त्याची हरकत नव्हती, तिथे पंखा आहे, न कुरकुरणारा.

ही सभा कशाला, असं विचारणाऱ्या सहकाऱ्यांना मी ताओ शिंगची यांचं सांगते. मुलांचं डोकं, हात, डोळे, तोंड, जागा आणि वेळ ही सहा मोकळी करा, असं म्हणणारा हा चिनी शिक्षणतज्ज्ञ 1938 मध्ये भारतात येऊन गांधीजींना भेटला होता. यातला 'वेळ' चिनी सरकारलाही 2021 मध्ये आठवला: पहिली-दुसरीला लेखी गृहपाठ नाही, तिसरी ते सहावीला तासाभराच्या आत.

तिथेच सोडून आलेल्या गोष्टी चटकन सांगते. गुण मोठ्याने वाचणं, जे आता तिथल्या नियमातही बसत नाही. बाकावर हाताची घडी घालून चाळीस मिनिटं पुतळ्यासारखं बसणं. आणि पालकांच्या ग्रुपवर बाईंच्या प्रत्येक निरोपाखाली चाळीस जणांनी 'मिळालं, बाई, तुमचे कष्ट फार' लिहिणं. यातलं शेवटचं आपल्याकडे हात जोडलेल्या चित्राच्या रूपाने आलेलंच आहे.

आता ते चार दिवस. मला निवडणुकीच्या कामाला जावं लागलं. बदली शिक्षक मिळाले नाहीत, शेजारच्या वर्गाचे सर मधूनमधून डोकावणार होते. परत आले तर फळ्यावर तारीख बरोबर, कुंडी जिवंत, झाडूच्या पाळीत माझा क्रमांक येऊन गेलेला आणि पुढे कंसात 'बाकी' लिहिलेलं. वही उघडली. मंगळवारच्या पानावर, वेगळ्याच मुलाच्या अक्षरात:

"हजर 49. इतिहासाचा तास झाला नाही. सर आले नाहीत आणि आम्ही बोलवायला गेलो नाही. आम्ही गप्पा मारल्या. मोडले काही नाही. निरोप: आम्ही गेल्यावर दोन पंखे चालूच राहिले, दुपारच्या बाईंनी सांगितले. पंखेवाला गैरहजर होता आणि त्याचे काम कुणाचे ते यादीत नाही."

यादीत आता दुसरा रकाना आहे, बदली माणसाचा.